आठशे वॅटचा दिवा
सदर इसम मध्यम बांध्याचा, वय पन्नाशीच्या जरा अलीकडे. हुद्दा : वरिष्ठ तपासनीस, पाणी तापवण्याच्या उपकरणांचा कारखाना. ओळखीची खूण : शर्टाच्या खिशातून डोकावणाऱ्या दोन वायरी, एक लाल, एक काळी. वर्तणूक समाधानकारक. त्याने पास केलेली वस्तू आजवर परत आलेली नाही. व्यसन : भागाकार.

कारखान्यात त्याला ‘मीटर’ म्हणत. हे घरी त्यानेच सांगितलं होतं, तेव्हा नाव त्याला आवडत असावं. काम तसं सोपं. समोर आलेल्या कॉइलच्या दोन टोकांना वायरी टेकवायच्या आणि किती ओहम रोध आहे ते बघायचं. दोनशे तीस व्होल्टला त्या ओहमांनी भागलं की करंट निघतो, करंटला पुन्हा दोनशे तिसांनी गुणलं की वॅट. खोक्यावरच्या आकड्याशी जुळलं तर शिक्का, नाहीतर कॉइल बाजूला. वर्षानुवर्षं हे करून त्याचा पक्का समज झाला होता की कुठलीही वस्तू बंद असतानाच खरी ओळखता येते. चालू झाली की ती थापा मारू लागते. माणसांचंही तसंच असतं, असं तो म्हणे. म्हणजे बायको जवळपास नसली तर.

त्या आठवड्यात घरचा मेन स्विच दोनदा पडला. दोन्ही वेळा सकाळीच, बायको ऑफिसच्या कपड्यांना इस्त्री करत असताना. दुसऱ्यांदा ती एक बाही कडक आणि एक चुरगळलेली अशीच कामावर गेली.

“तपासनिसाच्या घरात मेन पडतो,” ती चपला घालताना म्हणाली, “हे तुमच्या साहेबांना कळायला हवं.”

रविवारी त्याने चौकशी बसवली. मेन दहा अँपिअरचा, त्यावर गेलं की पडणार. इस्त्रीचा रोध भरला पन्नास ओहम, म्हणजे चार पूर्णांक सहा अँपिअर. फ्रिज, पंखे, मिक्सर असा किरकोळ माल मिळून अडीच. अजून सातच्या आसपासच. मग तो सासूबाईंच्या खोलीकडे वळला.

सासूबाईंची खोली आतली, बिनखिडकीची. वर लोंबणारा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब एवढाच तिथला सूर्य. पांढऱ्या दिव्याखाली सगळेच आजारी दिसतात म्हणून त्यांनी तो बदलू दिला नव्हता. त्यांचा दिवस त्या बल्बखाली खुनाच्या कादंबऱ्या वाचण्यात जाई. त्या अंघोळीला गेल्या, तेवढ्यात त्याने बल्ब काढून त्याला वायरी टेकवल्या. पासष्ट ओहम. साडेतीन अँपिअर. आठशे चौदा वॅट! एकूण बेरीज साडेदहाच्या वर.

“आई, गुन्हेगार सापडला,” त्या बाहेर येताच तो म्हणाला. “तुमचा दिवा आठशे वॅट खातो. आजपासून इथे झिरोचा बल्ब.”

“झिरोत मला पुस्तक कुठलं आणि उशी कुठली ते कळेल का? आणि जावईबापू, त्याच्यावर तर साठ लिहिलंय.”

“लिहिलेलं काहीही असतं. लिहिलेलं खरं आहे का, हेच तर मी रोज बघतो.”

“आठशेचा असेल तर अंघोळीचं पाणी त्याच्याखालीच ठेवत जाऊ या की.”

“तो वेगळा विषय आहे.”

“बरं, न्या काढून. पण हे प्रकरण संपल्यावर.” त्यांनी बल्ब पुन्हा लावून घेतला, दिवा लावला आणि पुस्तक उघडून आडव्या झाल्या. “विष कुणी घातलं ते कळायचंय अजून.”

आरोपीला ताब्यात घेण्याआधी पंचनामा पुरा व्हावा म्हणून त्याने चिमट्याचा मीटर आणला. हा नुसता वायरीभोवती धरला की आतून किती करंट जातो ते दाखवतो.

“जरा बंद करू का?”

“हात लावून बघा.”

“मग मोजू कसं?”

“चालू असतानाच मोजा. फक्त माझ्या उजेडात येऊ नका.”

तो स्टुलावर चढला, होल्डरच्या दोन वायरींपैकी एक वेगळी करून चिमट्यात धरली. शून्य पूर्णांक सव्वीस. त्याने मीटर झटकला. सव्वीस. बाहेर जाऊन इस्त्री लावली, तिच्या वायरीवर धरला : चार पूर्णांक सहा, शहाण्यासारखा. परत येऊन दिव्यावर धरला. शून्य पूर्णांक सव्वीस.

दोनशे तीस गुणिले ते, साठ वॅट. दोनशे तीस भागिले ते, आठशे पंच्याऐंशी ओहम. सकाळचे पासष्ट कुठे गेले?

तो स्टुलावरच बसला. बल्बची तार गार असते तेव्हा करंटला फारसं अडवत नाही. तापून पांढरी झाली की दहापटीहून जास्त अडवते. गिझरची कॉइल मात्र तापली तरी जवळपास तेवढीच राहते, म्हणून कारखान्यात आजवर सगळं बिनबोभाट चाललं होतं. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. शाळेत या प्रश्नाला त्याला पैकीच्या पैकी मिळाले होते.

“मग मेन कशानं पडतो?” दारातून बायकोने विचारलं.

“शोधतोय.”

“मी इस्त्री करते तेव्हा तुमच्या बादलीत रॉड असतो. तो मोजलात?”

“तो आमच्या कारखान्याचा आहे. मी स्वतः पास केलाय.”

“किती वॅटचा?”

“दीड हजार,” तो अभिमानाने म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा पडत गेला. रॉडचे साडेसहा अँपिअर आणि इस्त्रीचे चार पूर्णांक सहा. या बेरजेला मीटर लागत नव्हता.

“अहो, मोठ्यानं सांगा की. आईलाही कळू दे.”

तो उठला, शर्ट खाली ओढला, घसा साफ केला. “तपासणीअंती असं आढळून आलं आहे,” तो कॉटकडे बघत म्हणाला, “की सदर दिवा दोनशे तीस व्होल्टला साठ वॅटच घेतो. सबब तो निर्दोष असून त्याच्या वापरास आमची कोणतीही हरकत नाही.”

सासूबाई पुस्तक छातीवर ठेवून घोरत होत्या. दिवा चालू होता.