चपलेचे ब्रेक

चाळिशीनंतर पुन्हा माळरानावर सायकल दामटायची हुक्की आली. नवी सायकल परवडणारी नव्हती, म्हणून मेहुण्याच्या गोठ्यात धूळ खात पडलेली गिअरची सायकल आणली. तिच्या ब्रेकची रबरं झिजली होती. त्या जागी जुन्या स्लिपरचे तुकडे कापून बसवले. लहानपणी आम्ही सगळे तसंच करायचो, आणि मुखेडच्या सपाट रस्त्यावर ते चाललंही.

गावाबाहेरच्या मुरमाड उतारावर पोचलो तेव्हा वरून तो भलताच खडा दिसला. तरी निघालो. अर्ध्यात जळक्या रबराचा वास आला. दोन्ही ब्रेक आवळले, पण सायकल थांबेना. खाली वळण होतं आणि वळणापलीकडे दगडाची खाण.

शेजारी काळं रान होतं. उन्हाळ्यात नांगरून टाकलेलं असणार, ढेकळांत सायकल रुतेल, म्हणून हँडल तिकडं वळवलं. पण कुठल्या आळशानं यंदा नांगर घातलाच नव्हता! रानाला नुसत्या भेगा. पुढचं चाक भेगेत गेलं आणि मी सायकलीसकट आडवा झालो.

बांधावरून एक बाई धावत आली.

“लई लागलं का भाऊ? आता तरी सोडा की ती सायकल!”

मी खाली पाहिलं. मागचं चाक अजून गरगर फिरत होतं, आणि मी दोन्ही ब्रेक गच्च आवळून धरले होते.