नकाशातली रिकामी जागा

आमच्या वसईत सरकारने पर्यटनाची कितीही धोरणं आखली, तरी ती अमलात येणार की नाही हे अखेर वाडीवाले काकाच ठरवतात, असं माझं ठाम मत आहे. काका माझ्या नात्यातले नव्हेत. ज्यांच्या होळी नावाच्या गावातल्या वाडीतून आमच्या घरी केळी येतात, ते. पायात चप्पल नाही, खिशात फोन नाही आणि खांद्यावरच्या पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली विड्याची पानं. गावात काहीही ठरवायचं असलं, मग ते गटार असो की देवळाचा रंग, की काका लग्नाचं बोलावणं करावं तसं घरोघरी जाऊन एकेक पान हातावर ठेवतात. नुसतं ठेवून निघतील तर ते काका कसले. ते बसतात. म्हातारीच्या खोकल्याची चौकशी करतात, खुडूक कोंबडीबद्दल सल्ला देतात. एकदा आळीभर बोलावणं करायला निघालेले काका दुसऱ्याच घरी माडांना पाणी लावताना सापडले, कारण घरधन्याची कंबर धरली होती. त्यापेक्षा नाक्यावर एक फलक लावा, असं मी सुचवलं, तेव्हा म्हणाले, "फलक विचारणार आहे का, सून माहेराहून आली की नाही ते?"

मी मात्र आधुनिक माणूस. बँकेतून निवृत्त होऊन इथे फ्लॅट घेतला आणि रिकामटेकड्या माणसाचं जे व्हायचं तेच माझं झालं, मी समाजकार्याला लागलो. पर्यटन आराखड्यात लोकांचा सहभाग हवा, असं जाहीर होताच मी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला, स्वतःलाच संयोजक नेमलं आणि किल्ल्यापासून वाड्यांपर्यंतच्या पायवाटेचा नकाशा काढून कचेरीत देऊन आलो. मे महिना होता. काकांच्या वाडीशेजारी मला एक भला मोठा कोरडा खड्डा दिसला, त्यात चार झावळ्या आणि एक बकरी. मी ऐटीत लिहिलं, "रिकामी जागा, वाहनतळास योग्य."

तो खड्डा म्हणजे बावखल होतं. पावसाचं पाणी धरून ठेवणारं जुनं तळं, ज्याच्या जिवावर आसपासच्या विहिरी गोड राहतात आणि वाड्या जगतात. आराखड्याचा मसुदा आला तेव्हा त्यात माझा वाहनतळ दिमाखात बसला होता आणि बावखल बुजवायचं ठरलं होतं. हरकती ऐकायला अधिकारी आठवड्याने गावात येणार होते. काकांकडे जाऊन मी सगळं कबूल केलं. ते केळीची वाळकी पानं कापत होते. हातातलं पान कापून झाल्यावर म्हणाले, "लिहिताना कुणाला विचारलं होतं का?" ग्रुपवर टाकलं होतं, सगळ्यांचे अंगठे आले होते, असं मी पुटपुटलो. काकांनी पानांची पिशवी माझ्या खांद्याला अडकवली. "चला, आता विचारू."

मला वाटलं होतं, एका संध्याकाळीच गाव उरकेल. आठवडा कमी पडला. पान देणार मी, आणि बावखलाला रिकामी जागा म्हणणारा तो मीच, हेही सांगणार मीच, असा काकांचा दंडक. एका मावशींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, माझ्यापुढे सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, ठेवली आणि विचारलं, "शिकलात किती?" मी सुकेळी गिळली आणि पुढच्या घरासाठी पान काढलं.

सुनावणीच्या दिवशी ग्रुपवर 'नक्की येतो' लिहिणाऱ्यांपैकी मी एकटा हजर होतो. गाव मात्र लोटलं. खुर्च्या संपल्या, माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. हा वाहनतळ सुचवला कोणी, असं अधिकाऱ्यांनी विचारलं. मी उठायला लागलो, तोच काकांनी माझा सदरा धरून मला खाली बसवलं आणि स्वतः उठले. "चूक गावाची आहे," ते म्हणाले. "हे नवीन आले, त्यांना बावखल दाखवायला आमच्यातलं कोणी गेलं नाही." अधिकाऱ्यांनी सर्वांसमोर नकाशातल्या वाहनतळावर लाल फुली मारली. मला रडू आलं, ते मी शिंकेवर निभावून नेलं.

यंदा काकांचे गुडघे गेले. पर्यटक पाहुण्यांना गावच्या घरी जेवू घालावं की नाही, हे ठरवायला पुन्हा बैठक आहे आणि पिशवी माझ्याकडे आली आहे. घरोघरी पहिला प्रश्न एकच असतो, काका का नाही आले. संध्याकाळी मी वाडीत जातो. बावखल आता काठोकाठ भरलंय आणि काका काठावर खुर्ची टाकून बसलेले असतात. त्यांच्या माघारी हे गाव मला कोण दाखवणार, असं मनात येतं. बैठकीला किती जण येणार, हे ते विचारतच नाहीत. म्हातारीचा खोकला कसा आहे, एवढंच विचारतात. मला सांगता येत नाही, कारण पान देऊन मी दारातूनच परतलेला असतो.

"उद्या परत जा," काका म्हणतात.

मी जातो आणि बसतो.