डाग की धूळ

“श्वास धरा. हलू नका. हं, सोडा.”

परळच्या आमच्या इस्पितळात एक्स-रे विभागाच्या दाराशी उभं राहिलं की दर दोन-तीन मिनिटांनी हे ऐकू यायचं. आवाज चढा नव्हता, पण खोकणारा माणूसही खोकला गिळून उभा राही. मी शेजारच्या रेकॉर्ड विभागात होते. दिवसभर ते ऐकून माझाही श्वास नकळत थांबायचा. एकदा मी तशी तक्रार केली, तर आतल्या फोटो काढणाऱ्या बाई म्हणाल्या, “फुकटात प्राणायाम होतोय तुझा. तक्रार कसली?”

त्यांना सगळे ‘बाई’च म्हणत. मूळ घर कोकणातलं, वडील गिरणीत, बालपण लालबागला. लग्न होऊन गिरगावच्या फणसवाडीत आल्या. मीही गिरगावचीच, त्यामुळे संध्याकाळी एकाच बसने घरी जायचो. बाई खिडकीशी बसत आणि गल्ली येईपर्यंत फारसं बोलत नसत. दिवसभर माणसं आतून बघितली, म्हणत, आता जरा बाहेरून बघू दे.

त्यांचा आणखी एक शब्द होता, “डाग की धूळ?” एक्स-रेच्या कॅसेटमध्ये, म्हणजे फिल्म ठेवायच्या चपट्या पेटीत, धुळीचा कण अडकला तर फिल्मवर पांढरा ठिपका उमटतो. नवखा माणूस त्याला आजार समजतो. बाई आधी दुसऱ्या कॅसेटवर फोटो घेत. ठिपका गेला तर धूळ, राहिला तर डाग. पुढे पुढे त्या सगळ्यालाच हे लावू लागल्या. ऑफिसात कुणाबद्दल काही कुजबूज आली, की फाइलमधून डोकं वर न काढता विचारायच्या, “डाग की धूळ?”

पण एक गोष्ट त्यांना आयुष्यभर लागून राहिली. वॉर्डबॉयचं काम करणारे एक मामा होते, लालबागचेच. एकदा त्यांच्या छातीचा फोटो काढला, तेव्हा बाईंना वरच्या कोपऱ्यात पुसटशी सावली दिसली. दुसऱ्या कॅसेटवर काढला, तरी होतीच. त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. म्हणाले, “काही नाही त्यात. तुमचं काम फोटो काढायचं.” बाई “बरं” म्हणाल्या आणि परत आल्या. वर्षभराने मामा पुन्हा फोटोला आले तेव्हा ती सावली शोधावी लागली नाही. मामा गेले त्या दिवशी बाईंनी रजा टाकली आणि लालबागला त्यांच्या घरी जाऊन बसल्या. मामांच्या बायकोला त्यांनी सगळं सांगितलं. ती काय म्हणाली ते मला बाईंनी कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, “मी ‘बरं’ म्हणायला नको होतं गो.”

निवृत्तीनंतर माणसं काय काय करतात ते तुम्हीही पाहिलं असेल. बाई वर्षभर घरातल्या डब्यांना लेबलं लावत बसल्या. मग एका रविवारी त्यांनी मला ओढून गिरगावातल्या एका ग्रंथालयात व्याख्यानाला नेलं. एक तरुण शास्त्रज्ञ बाई आल्या होत्या. विषय होता रेडिओ दीर्घिका, म्हणजे रेडिओ लहरी सोडणारी दूरची तारकाविश्वं. मी दहा मिनिटांत पेंगायला लागले. पडद्यावर एक चित्र आलं, काळ्यावर दोन करडे ढग आणि मधे बारीक ठिपका. बाईंनी माझा दंड धरला.

“अगं, ही तर छाती.”

खरंच तसं दिसत होतं. दोन फुप्फुसं आणि मधे हृदय. शास्त्रज्ञ सांगत होत्या की दुर्बिणींनी असे फोटो ढिगाने काढून ठेवलेत, पण ते बघायला डोळे कमी पडतात. कुणालाही शिकवून घेऊ, दर रविवारी दुपारी संगणकावर घरबसल्या वर्ग असतो. बाईंनी हात वर केला. “फोटो बघायची सवय असलेली माणसं चालतील का?”

बाईंचे यजमान बस आगारातून निवृत्त झालेले मेकॅनिक, पक्के मालवणी. त्यांनी मला सांगितलं, “आता ही आभाळाक सुद्धा श्वास धरूक सांगतली.”

रविवारी मी त्यांच्याकडे चहाला जात असे. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी वही. मला त्यांनी त्यांच्या पद्धतीने समजावलं. दीर्घिकेच्या मध्यभागी मोठं कृष्णविवर असतं. त्यात वायू पडत राहिला की ते दोन्ही बाजूंना झोत फेकतं आणि झोतांच्या टोकांशी हे ढग फुगतात. वायू संपला की झोत बंद. मग ढग निवत जातात, पण लगेच नाही, कोट्यवधी वर्षं लागतात. “विश्व तरुण होतं तेव्हा अशा दणदणीत दीर्घिका पुष्कळ होत्या,” त्या म्हणाल्या. “प्रकाश पोचायला वेळ लागतो, म्हणून लांबचं बघितलं की जुनं दिसतं, तिकडे त्या सापडतात. आपल्या आसपास फार कमी.”

“मग त्या गेल्या कुठे?”

“आहेत की तिथेच. शांत झाल्या. तुझे यजमान पूर्वी किती ओरडायचे, आता ओरडतात का?”

पहिल्याच वर्षी त्यांनी एक चित्र मोठ्या खात्रीने सगळ्यांसमोर ठेवलं आणि ती धूळ निघाली. म्हणजे दुर्बिणीच्या मोजमापातला दोष. वर्गातली कॉलेजची मुलं हसली नाहीत, पण बाईंना ते फार लागलं. दोन रविवार त्या वर्गाला बसल्याच नाहीत. यजमानांनी लॅपटॉप पुसून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “गाडी एकदा बंद पडली म्हणून आगारात कोण ठेवता?” तिसऱ्या रविवारी बसल्या.

त्यानंतर काही महिन्यांनी ते दुसरं चित्र आलं. मधे दोन लहान, ठसठशीत ढग. त्यांच्या बाहेर, बरंच लांब, बाईंना दोन्हीकडे पुसट करडेपणा दिसला. त्यांनी वर्गात सांगितलं. शास्त्रज्ञ बाई आदराने म्हणाल्या, “काकू, तेजस्वी वस्तूभोवती असं येतं. प्रोसेसिंगमध्ये राहून जातं. सोडून देऊ.”

“बरं,” बाई म्हणाल्या.

मी शेजारीच होते. वर्ग संपला तरी त्या उठल्या नाहीत. चहा निवला. मग म्हणाल्या, “मी परत ‘बरं’ म्हटलं.”

पुढचे तीन आठवडे त्यांनी दुसरं काही केलं नाही. आभाळाच्या त्याच तुकड्याचे दुसऱ्या दुर्बिणींनी काढलेले फोटो त्या एकेक करून शोधत राहिल्या. धूळ असेल तर ती त्या यंत्राची, दुसऱ्या यंत्रावर त्याच जागी कशी दिसेल, एवढा साधा हिशेब. शेवटी आणखी खालच्या कंपनसंख्येवर, म्हणजे जास्त लांबीच्या रेडिओ लहरींवर, घेतलेला एक फोटो मिळाला. विझत चाललेले ढग तिथे जास्त काळ टिकून दिसतात, हे त्यांनी वहीत कधीच लिहून ठेवलं होतं. त्या फोटोत बाहेरचा करडेपणा होता, आणि चांगला स्पष्ट होता.

रविवारी त्यांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. आवाज एक्स-रेच्या खोलीतलाच. “मॅडम, माझी चूक असेल तर सांगा. पण बघितल्याशिवाय सोडून देऊ नका.”

शास्त्रज्ञ बाईंनी दोन्ही चित्रं मोठी करून बघितली. मग म्हणाल्या, “काकू, चूक माझी होती.”

ती दीर्घिका एकदा पेटून विझलेली होती. बाहेरचे पुसट ढग तेव्हाचे. मग पुष्कळ काळ काही नाही, आणि नंतर पुन्हा झोत सुरू झालेले. अशा फार सापडत नाहीत, म्हणून त्यांना मोल. पुढे त्यावर शोधनिबंध निघाला आणि लेखकांत बाईंचंही नाव घ्यायचं ठरलं. प्रत्येकाच्या नावाखाली त्याची संस्था लिहितात. शास्त्रज्ञ बाईंनी फोनवर विचारलं, “काकू, संस्थेच्या जागी काय लिहू?” इस्पितळ सोडून तर वर्षं झाली होती.

बाईंनी यजमानांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “फणसवाडी लिहा. गिरगाव, मुंबई.”

छापील प्रत आली तेव्हा त्या मला घेऊन लालबागला गेल्या. मामांची बायको आता खूप थकली होती, कानांनी कमी ऐकायची. बाईंनी तिच्या मांडीवर तो कागद ठेवला. काय समजावलं ते मी ऐकलं, पण त्यात दीर्घिका जवळजवळ नव्हतीच. म्हातारीने कागदावरून हात फिरवला आणि विचारलं, “ह्यावेळी ऐकलान तुझा?” बाईंनी मान हलवली. मग दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या.

गेल्या वर्षी एका सकाळी चहा ठेवता ठेवता बाई गेल्या. दुखणं नाही, इस्पितळ नाही.

महिन्याभराने रविवारी मी यजमानांना भेटायला गेले. दार उघडंच होतं. ते टेबलाशी लॅपटॉपसमोर ताठ बसले होते, चष्मा नाकाच्या टोकावर. पडद्यावर चौकटी-चौकटींत वर्गातली सगळी मंडळी होती. एका चौकटीत फक्त अर्धं टक्कल आणि वर फिरणारा पंखा दिसत होता, ते हे.

“माका ह्यातला काय कळणा नाय,” ते मला हळूच म्हणाले. “मॅडमांक इचारलंय, नुसतो बसू काय? त्या म्हणाल्या, बसा काका.”

मी खुर्ची ओढून शेजारी बसले. तिकडे शास्त्रज्ञ बाई कुणा नवीन मुलीला ढग आणि ठिपके समजावत होत्या. खातं जुनंच होतं. त्या अर्ध्या टकलाखाली अजून बाईंचंच नाव होतं. मधेच शास्त्रज्ञ बाईंनी विचारलं, “काका, नाव बदलून देऊ का तुमचं?”

त्यांनी पुढे झुकून, माईक कुठे असतो ते न कळल्याने थेट पडद्याला तोंड लावून सांगितलं, “नको. आसूं दे.”