बसमधल्या आवाजाचं लग्न

माझ्या मावशीचा चेहरा फारसा कुणाला ठाऊक नाही, पण आवाज शहरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. बसमध्ये 'पुढील थांबा, टपाल कार्यालय' असं जी बाई म्हणते ना, ती माझी मावशी. पूर्वी ती बस डेपोत चौकशीच्या खिडकीत बसायची. साहेबांना तिचे उच्चार आवडले. मग काय, एका दुपारी तिला बंद खोलीत नेऊन सगळी वाक्यं वदवून घेतली, चहा पाजला आणि परत खिडकीत धाडलं. त्या एका चहापायी बाईचं खासगी आयुष्य गेलं.

म्हणजे बघा, सिनेमातल्या माणसांना निदान काळा चष्मा तरी लावता येतो. आवाजाला काय लावणार? भाजीवाल्याशी घासाघीस करायला तोंड उघडावं, तर तो भाव सोडून हसत सुटतो. रांगेत 'जरा मागे सरका' म्हटलं की सगळी रांग निमूट मागे सरकते. शेजारीण तर तिच्याशी भांडायलाच येत नाही. म्हणते, तुमच्याशी भांडताना बसमध्ये दांडा धरून उभी असल्यासारखं वाटतं. माणसाला मनसोक्त भांडताही येऊ नये, हे काय जगणं झालं?

कहर झाला तो दवाखान्यात. काउंटरवरच्या मुलीला मावशी अगदी हळू आवाजात म्हणाली, "मूळव्याधीसाठी आले आहे." झालं! बाकावरचे सगळे पेशंट माना वळवून बघायला लागले. त्यानंतर बसमध्ये 'प्रवाशांनी रिकाम्या जागेवर बसून घ्यावे' असं तिचं वाक्य आलं की मागून कुणीतरी ओरडायचं, "बाई, आधी तुम्ही बसून दाखवा!" आणि सगळी बस खिदळायची. एकदा मी होते त्या बसमध्ये. असा संताप आला की मुद्दाम त्या टग्याच्या पायावर पाय दिला आणि माफीसुद्धा मागितली नाही. मावशी मात्र उशीत तोंड खुपसून रडली. "माझं दुखणंसुद्धा माझं राहिलं नाही गं," म्हणाली. तेव्हापासून घराबाहेर तिने बोलणंच टाकलं. दुकानात नुसतं बोट दाखवायची.

मग तिचा दात पडला. तो बसवायला ती एका कवळ्या करणाऱ्या कारागिराकडे गेली. इवलंसं दुकान, फळीवर प्लास्टरचे जबडे मांडलेले, दाराशी सायकल. गृहस्थ विधुर. त्यांना बस लागते, नुसती पाहिली तरी मळमळतं, त्यामुळे जन्मभर सायकल. त्यांनी मावशीला बोलू दिलंच नाही, म्हणाले, "आ करा." शेवटी तिला दबक्या आवाजात दोन शब्द बोलावेच लागले. तर हे मान तिरकी करून म्हणतात, "घसा बसलाय का हो तुमचा? गरम पाणी पीत जा."

मावशी घरी आली ती नाचतच. "अगं, त्यांनी मला ओळखलंच नाही!" मग एका दातासाठी बाईच्या इतक्या खेपा व्हायला लागल्या की मी काय ते समजले, आणि त्यांना मनातल्या मनात कवळीकाका म्हणायलाही लागले.

दोघांनी नोंदणी लग्न करायचं ठरवलं. मावशीची एकच अट होती. "कुणाला कळता कामा नये. मूळव्याधीचं झालं ते माझ्या लग्नाचं व्हायला नको. एवढी एक गोष्ट तरी माझी राहू दे." मी तिला शब्द दिला. साक्षीदार तीन: मी, माझा नवरा आणि दीर. मावशीने तिथे चकार शब्द काढायचा नाही, नुसती मान हलवायची आणि सही करायची, असा बेत होता.

कचेरीतला हॉल खच्चून भरलेला. बाकांवर बाकीच्या जोड्या आणि त्यांचे नातेवाईक, समोर टेबलाशी अधिकारी. मावशीने मान हलवली, तर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"मान नाही चालत. संमती तोंडाने सांगायची."

"घसा बसलाय हो तिचा," मी म्हणाले.

"मग बरा झाला की या. पुढची जोडी!"

कवळीकाकांचा चेहरा एवढासा झाला. ते मुकाट्याने उठायला लागले. मावशीला ते बघवलं नाही आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "थांबा!"

एवढंच. पण तेवढंही पुरलं. "अगं बाई, ही तर बसवाली!" भराभर मोबाइल वर झाले. एक बहाद्दर तर बाकावर चढला. "बाई, मूळव्याध बरी झाली का?" मावशी पांढरीफटक पडली. मी बाह्या सरसावून निघालेच होते. तेवढ्यात मावशीने पर्स टेबलावर ठेवली, ताठ उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"हा शेवटचा थांबा आहे. ही गाडी पुढे जाणार नाही. सर्व प्रवाशांनी आपले सामान घेऊन खाली उतरावे."

आणि लोक उठले हो! इतक्या वर्षांची सवय. बाकावर चढलेला सगळ्यात आधी उतरला. कुणी पिशव्या गोळा केल्या, कुणी बाकाखाली छत्री शोधली, दाराशी "आधी उतरणाऱ्यांना जाऊ द्या" सुरू झालं. खुद्द अधिकारी बॅग खांद्याला लावून उभे राहिले आणि ओशाळून परत बसले. माझा नवरा आणि दीर दारापर्यंत पोचले होते, त्यांना मी कॉलर धरून मागे ओढलं. "साक्षीदार कुठे निघाले?"

जागचे हलले नव्हते ते फक्त कवळीकाका. "काय झालं? सगळे कुठे चालले?" ते मावशीला विचारत होते. मावशीने त्यांच्याकडे असं पाहिलं की मला रडूच फुटलं.

मी दार लावून घेतलं. अधिकाऱ्यांनी पुन्हा विचारलं, आणि मावशीने उत्तर दिलं, हळू, तिच्या स्वतःच्या आवाजात. ती काय म्हणाली, त्यावर काका काय म्हणाले आणि अधिकारी चष्मा का पुसत बसले, ते सगळं मला माहीत आहे. पण मी शब्द दिलाय. तुमचाही थांबा आला, उतरा आता.