गार्ड कुणी काढला

अण्णा एकावर एक असे दोन चष्मे लावायचे. आतला नंबरचा, वरचा कामाचा. कामाचा म्हणजे लोखंड कापायचं ग्राइंडर चालवताना लावतात तो, जाड प्लॅस्टिकचा, दोन्ही बाजूंनी बंद. काम संपलं की तो कपाळावर चढायचा आणि दिवसभर तिथंच राहायचा. चहाच्या टपरीवर, दशक्रियेला, मंचरच्या बाजारात, सगळीकडे. एकदा तर सोयरिकीच्या बैठकीत ते तसेच जाऊन बसले आणि मुलीच्या मामानं हळूच चौकशी केली, की यांना डोळ्यांचा काही त्रास आहे का. आमच्या निरगुडसरात त्यांना नावानं कुणी ओळखत नसे. 'डबल चष्मा' म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा दुकानाकडे बोट दाखवायचं. आज तसाच चष्मा मी लावते आणि लावताना रोज त्यांची आठवण येते. ती गोड आहे, असं मी म्हणणार नाही.

त्यांचं फॅब्रिकेशनचं दुकान रस्त्याला लागून होतं. खिडक्यांच्या जाळ्या, गेट, कांदा साठवायच्या बराखीचे सांगाडे अशी कामं चालायची. पण बिबट्या उसातून उठून अंगणात यायला लागला आणि दुकानाला उसंत राहिली नाही. ज्याला त्याला ओटा जाळीनं बंद करून हवा होता. त्याच सुमारास तालुक्याला बायकांसाठी प्रशिक्षण निघालं. शिवणकामाच्या जागा भरल्या होत्या, म्हणून मला वेल्डिंगला बसवलं. एस.टी.चं तिकीट काढून आलेच होते, तर परत कशाला जायचं, म्हणून मी बसले. पुढे ते प्रमाणपत्र घेऊन चार दुकानं फिरले, कुणी उभं केलं नाही. अण्णांनी एवढंच विचारलं, "हात थरथरतो का गं?" मी नाही म्हटलं. "मग ये उद्यापास्नं."

पहिल्या दिवशी मात्र त्यांनी मशीनला हात लावू दिला नाही. आधी माझ्या अंगावर काय काय लोंबतंय ते पाहिलं. पदर, वेणी, बांगड्या, मंगळसूत्र. गावातल्या सगळ्याच सुनांना ते सूनबाई म्हणायचे, तसंच मलाही. म्हणाले, "सूनबाई, हे समदं काढून खुंटीला लाव. मशीनला सौभाग्य कळत न्हाई." दुसऱ्या दिवसापासून मी नवऱ्याचा जुना, सुती, लांब बाह्यांचा शर्ट घालून कामाला उभी राहिले. नायलॉनचा चालायचा नाही. ठिणगी पडली की तो कातडीला चिकटतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

खुंटीवरच्या मंगळसूत्राची बातमी संध्याकाळच्या आत घरी पोचली आणि सकाळी सासूबाई तोंड फुगवून दुकानात हजर. अण्णा त्यांच्याशी एका शब्दानं वादाला लागले नाहीत. त्यांनी एका लांब काठीला जुनं फडकं बांधलं, मशीनला तारेचा ब्रश लावून ते चालू केलं आणि फडक्याचं टोक नुसतं जवळ नेलं. फडकं काठीसकट ओढलं गेलं. सासूबाईंनी ते पाहिलं, पदर कमरेला खोचला आणि मला म्हणाल्या, "उद्यापास्नं घरूनच काढून जात जा. हितं खुंटीला नगं, कुणी उचलून न्हेईल." त्या दिवशी अण्णा माझ्या बाजूनं उभे राहिले, हे मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर सोपं गेलं असतं.

ग्राइंडरवर फिरणाऱ्या डिस्कच्या बाबतीत अण्णा सोयरीक जुळवणाऱ्यापेक्षा चिकित्सक होते. नवी डिस्क ते आधी बोटावर टांगायचे आणि पान्याच्या दांड्यानं हलकेच वाजवायचे. आवाज भद्द आला की ती बाजूला. मग दोन्ही चष्म्यांतून मधल्या पत्र्याच्या रिंगवरची तारीख वाचायची. तारीख उलटून गेली असेल तर कोरीकरकरीत डिस्कसुद्धा मोडून टाकायची, म्हणजे दुसऱ्या कुणी उचलून लावायला नको. पातळ डिस्क कापायला, जाड घासायला. पातळ डिस्क आडवी धरून कुणी घासायला लागलं की ते सरळ जाऊन प्लग उपटायचे. अवसरीकडचा एक शेतकरी एकदा लाकूड कापायचं दातेरी पातं घेऊन आला. त्याला ते हातातल्या ग्राइंडरवर चढवून बाभळी तोडायच्या होत्या. अण्णांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "पावणं, हे हितं लावलं तर लाकूड नंतर तुटंल, मांडी आधी." तो हसला, पण पातं पिशवीत घालून घेऊन गेला.

आणि गार्ड. डिस्कच्या मागच्या अर्ध्या भागावर लोखंडी आडोसा असतो, तो गार्ड. आपल्याकडे नवं मशीन घरी आलं की लोक आधी गार्ड काढून माळ्यावर टाकतात आणि मग नारळ फोडतात. का, तर तो मध्ये येतो, नीट दिसू देत नाही, डिस्क खोलवर जाऊ देत नाही. अण्णांना याचा मनस्वी संताप. दसऱ्याला ते हळद-कुंकू मशीनला नाही, गार्डला लावायचे. "डिस्क कवातरी फुटणारच," ते म्हणायचे. "ती कुणाकडं जाणार, ते गार्ड ठरवतो." डिस्कच्या रेषेत उभं राहायचं नाही, बाजूचं हँडल सोडायचं नाही, नवी डिस्क लावली की बाजूला होऊन थोडा वेळ मोकळी फिरू द्यायची. हे सगळं त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं, की मी झोपेत बडबडायचे, असं नवरा सांगतो.

एका दसऱ्याला पूजा झाल्यावर त्यांनी पाना माझ्या हातात दिला आणि दुकानातल्या दोघा कारागिरांसमोर, पेढ्याला आलेल्या गिऱ्हाइकांसमोर सांगितलं, "आजपास्नं डिस्क सूनबाई बसवनार. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई." एका कारागिराचं तोंड वाकडं झालं. मला माहेरीही कधी एवढा मान मिळाला नव्हता. पेढा हातातच राहिला माझ्या. हाच मान पुढे माझ्या मुळावर आला.

गावाबाहेर उसाला लागून दिनकरभाऊंचं घर आहे. त्यांच्या ओट्यावरून बिबट्यानं कुत्रं उचललं. घरात दोन लहान पोरं, त्यामुळे ओट्याची जाळी अंधाराच्या आत उभी करून द्या, म्हणून त्यांनी हातापाया पडून सांगितलं. अण्णा आणि मी सकाळीच गेलो. खांबांचे पाइप जाड होते. सात इंची डिस्क पिशवीत होत्या, पण त्यांचं मोठं मशीन मंचरला दुरुस्तीला दिलेलं, हाताशी फक्त चार इंची. छोटी डिस्क त्या पाइपात पुरती शिरत नव्हती. अण्णा मला म्हणाले, "जा, मोठं मशीन घेऊन ये. तू येस्तोवर आमी हात लावत न्हाई." मी स्कूटरला किक मारली तेव्हा छोट्या मशीनला छोटी डिस्क होती आणि गार्ड जागेवर होता. मी स्वतः लावलेला.

मंचरला मोठं मशीन जोडून मिळेपर्यंत दिवस कलला. ते पायांशी ठेवून परत आले, तर ओट्यावर रक्त आणि भोवती माणसं. ऐन कापताना पाइप धरायला गोठ्यातून बोलावून घेतलेल्या दिनकरभाऊंना जीपमध्ये घालून मंचरला नेलं होतं. डिस्कचा तुकडा त्यांच्या उजव्या हातात घुसला होता. छोटं मशीन जमिनीवर आडवं पडलेलं, त्याला गार्ड नाही, आणि दांड्यावर सात इंची डिस्कचा उरलेला अर्धा तुकडा. मोठ्या डिस्कचं भोक मोठं असतं, ते भरायला आत वायसरच्या चकत्या कोंबलेल्या. छोटं मशीन मोठ्यापेक्षा कितीतरी जोरानं फिरतं, मोठी डिस्क त्या फिरण्याला टिकत नाही, हे मला शिकवलं कुणी? अण्णांनीच. आणि मोठ्या डिस्कला आड येतो म्हणून काढलेला गार्ड जाळीच्या ढिगावर नीट पालथा ठेवलेला होता. त्याचा स्क्रू आतच, परत दोन आटे फिरवून अडकवलेला. काढलेला स्क्रू हरवू नये म्हणून तसा अडकवायची सवय दुकानात एकट्या अण्णांना होती.

मला वाटलं, ते आपणहून सांगतील. माणसाच्या हातून चूक होते, अंधार पडायला आला होता, पोरं घाबरली होती, त्यांना दया आली असेल. मी मनातल्या मनात त्यांची बाजू तयार करून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिनकरभाऊंचा भाऊ आणि गावातली चार माणसं दुकानात आली. हाताची नस तुटली होती. बोटं पुन्हा पुरती मिटणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले होते. भावानं शांतपणे विचारलं, "आण्णा, डिस्क कुणी बसवली व्हती?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढून घेतला. दुकानात एकही मशीन चालू नव्हतं.

"डिस्क सूनबाईच बसवती, समद्यांना ठावं हाय," ते म्हणाले. "जाता जाता बसवून ग्येली. घाईत गार्ड काढला आसंल. बाईमानूस हाय, तिला काय बोलू नगा. मी बघून घ्यायला पायजे व्हतं. माजंच चुकलं."

मी म्हटलं, "अण्णा, मी गेले तेव्हा गार्ड होता."

"ऱ्हाऊ दे आता," ते म्हणाले. "व्हायचं ते झालं."

इतक्या मायेनं म्हणाले, की ऐकणाऱ्यांना वाटलं ते मला पाठीशी घालतायत. त्यांच्या मोठ्या मनाचं गावभर कौतुक झालं. शिव्या दिल्या असत्या, हाताला धरून दुकानाबाहेर काढलं असतं, तर मला भांडता आलं असतं. त्यांनी माझ्यावर आळ घेतला आणि वर मला माफ केलं. याचा राग अजून माझ्या पोटात आहे आणि तो मी काढून टाकणार नाही.

मी पाना टेबलावर ठेवला, खाली उतरले आणि पुन्हा त्या दुकानाची पायरी चढले नाही. नवरा म्हणाला, गप्प बस, म्हाताऱ्या माणसाशी कुठं वाद घालतेस. माझ्यावर विश्वास ठेवला तो सासूबाईंनी, ज्यांना माझं कामच मुळी पसंत नव्हतं. कुणी घरी विषय काढला की त्या म्हणायच्या, "ती आसं करायची न्हाई. भाजी चिरून झाली की इळीसुदिक आडवी करून उठती." पण सासूबाईंचं गावात कोण ऐकणार?

पुढे मी आमच्याच अंगणात शेड टाकली. कामं आली ती हळूहळू, तीही बिबट्याच्या कृपेनं. लोक जाळी टाकून घ्यायचे आणि जाता जाता सहज म्हणून जायचे, "डिस्क बघून लाव गं बाई." मी हो म्हणायचे. दिनकरभाऊंना आता गाई-म्हशींची धार काढता येत नाही. रस्त्यात भेटले की ते डावा हात वर करतात, थांबून बोलत मात्र नाहीत. त्यांच्या लेखी त्यांचा उजवा हात मी घालवलाय. मी रोज अण्णांच्याच पद्धतीनं प्लग काढून डोळ्यांसमोर ठेवते, डिस्क वाजवते, तारीख वाचते, रेषेतून बाजूला होते. ज्या माणसानं माझं नाव घालवलं, त्यानंच शिकवलेल्या सवयींवर माझे हात शाबूत आहेत. हे मला आवडत नाही, पण आहे हे असं आहे.

गेल्या उन्हाळ्यात अण्णा स्वतः माझ्या शेडमध्ये आले. त्यांचे हात थरथरायला लागले होते, दुकान बंद झालं होतं. कपाळावर चष्मा तसाच. बरोबर त्यांची सून होती, शीतल, कॉटनचा कुर्ता घातलेली, हातात बांगडी नाही, केस घट्ट बांधलेले. घरूनच तयार करून आणलेली.

"हिला शिकव," ते म्हणाले. "दुसऱ्या कुनाकडं सोडायचा मला भरवसा न्हाई."

शीतलला मी पाणी आणायला आत पाठवलं आणि त्यांना विचारलं, "अण्णा, एवढा भरवसा आहे, तर हेच पारावर बसून सांगाल? दिनकरभाऊंना सांगाल?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. शेडच्या लोखंडी खांबाला हात लावून त्यांनी वेल्डिंग चाचपून पाहिलं, "जोड चांगला बसलाय," म्हणाले, आणि रस्त्याला लागले. त्यानंतर ते भेटले नाहीत. दिवाळीच्या आत गेले. दहाव्याला सगळे म्हणत होते, की असा काळजीवाला माणूस तालुक्यात होणार नाही. मी मागच्या रांगेत उभी होते.

शीतलला मात्र मी ठेवून घेतलं होतं. का, ते मला नीट सांगता येत नाही. त्यांनी मला घेतलं होतं तेव्हा दुसरं कुणी घेत नव्हतं, एवढं एक कारण असेल. आणि आत कुठेतरी समाधानही होतं, की निदान घरात तरी त्यांनी खरं सांगितलं असेल. नाहीतर कोण आपली सून अशी आणून सोडतं?

पहिल्याच सकाळी मी डिस्क बसवली, गार्ड आवळला आणि मशीन तिच्यापुढे केलं. तिनं ते घेतलं नाही. जरा अवघडून म्हणाली, "काकी, राग मानू नका. आण्णांनी सांगितलंय, तिथं काम शिक, पन काकींनी डिस्क बसवली की एकदा आपन बघून घेत जा. त्यांच्या हातून मागं चूक झालीया."

तिच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. सासऱ्यानं जे सांगितलं, ते ती बोलली.

"बघ की," मी म्हटलं.

तिनं आधी प्लग काढून समोर ठेवला. डिस्क उतरवून बोटावर टांगली, पान्याच्या दांड्यानं वाजवली, कान देऊन ऐकली. रिंगवरची तारीख वाचली. परत बसवून आवळली. मग गार्ड दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिला, एकदा, आणि पुन्हा एकदा.

"बरोबर हाय, काकी," ती म्हणाली.

"बरोबरच असतं," मी म्हटलं, आणि तिला चष्मा दिला.