नानांचा नवा डोळा आणि माझी गुळगुळीत अक्षरं

सासऱ्यांचा नुकताच बरा झालेला डोळा मी एका क्लिकमध्ये बिघडवला.

त्या वर्षी धाकट्या नणंदेचं लग्न ठरलं होतं. मी तेव्हा आळे गावात घरच्या घरी कंप्युटरवर लग्नपत्रिका तयार करून द्यायचे. (नारायणगावच्या कंप्युटर क्लासचं सर्टिफिकेट फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलं होतं!) कंप्युटर सेकंडहँड, मॉनिटर हंड्याएवढा. सासरे, म्हणजे नाना, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन नव्या चष्म्यात वावरत होते. त्यांनी जाहीर केलं, "भावकीतलं एक नाव सुटलं तर मांडवात कोण पाय ठेवायचं न्हाई. मी सोता वाचल्याबिगर पत्रिका प्रेसला जायची न्हाई!"

सकाळी त्यांना मॉनिटरसमोर बसवलं. पहिल्याच ओळीला अडले.

"सूनबाई, अक्षरांना करवतीवानी दाते हायेत गं. शिवनेरीच्या पायऱ्या जणू!"

"कुठे? मला तर एकही पायरी दिसत नाही."

"मला दिसत्यात. नवा डोळा हाय माझा!"

नाना चहाला उठले तेवढ्यात मी सेटिंगमध्ये शिरले. अक्षरांच्या कडा गुळगुळीत करायची सोय होती, तिथे टिक केली. मला काडीचाही फरक दिसला नाही. पण क्लासला फी भरली होती, ज्ञान दाखवायला नको?

"या नाना! आता बघा, लोण्यासारखी अक्षरं!"

नाना बघतच राहिले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"समदं धुरकाटलं गं. अक्षरांना लाल-निळे काठ आलेत." मग बारीक आवाजात, "डोळा गेला बहुतेक."

झालं! सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"तरी सांगत व्हते, डोक्यावरून पाणी घेऊ नका!"

"एकदाच घेतलं."

"म्हंजी घेतलंच ना!"

आमचे हे स्क्रीनपाशी वाकले. "मला पण जरा धूसर..."

"तुम्ही थांबा," मी म्हटलं. "तुमचं सगळ्याच बाबतीत धूसर असतं. मला आधी दिसत होतं तस्संच आता दिसतंय. म्हणजे कंप्युटर ठीक आहे!"

माझ्या या छातीठोक साक्षीवर नानांना जीपमध्ये घालून आम्ही सगळ्यांनी नारायणगाव गाठलं.

डॉक्टरांनी तक्ता दाखवला. नानांनी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, वर भिंतीवरच्या कॅलेंडरमधली बारीक तिथीही वाचली.

"डोळा फर्स्टक्लास आहे! अंधुक दिसतं कुठे?"

"हिच्या कंप्युटरात."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही त्यात काही बदललंत का?"

"कडा गुळगुळीत केल्या फक्त. पण त्याने काही फरक पडत नाही, मी स्वतः पाहिलंय!"

डॉक्टरांनी तक्त्यासमोरची खुर्ची पुढे ओढली. "वहिनी, तुम्ही जरा या खुर्चीत बसा."

तिसऱ्या ओळीपासून मी अंदाजाने वाचू लागले. चौथ्या ओळीला नाना मागून हळूच उत्तरं सांगत होते!

घरी येऊन निमूटपणे टिक काढली. करवतीचे दाते परतले, नाना खूश. एकेक नाव मोठ्याने वाचत निघाले आणि मध्येच थांबले.

"सूनबाई, डोळा चांगला हाय. पण माणूसच गेलंय की!"

आजेसासऱ्यांची ओळ कॉपी करून मी खाली नानांचं नाव घातलं होतं. नाव बदललं, पुढचं 'कै.' तसंच राहिलं!

"पोरीच्या लग्नाचं आवतण मी सोता वरून धाडतोय व्हय?"

सासूबाई पदर तोंडाला लावून हसत बसल्या. मी घाईघाईने नानांना जिवंत केलं आणि पत्रिका प्रेसला गेली.

दोन दिवसांनी माझा चष्मा आणायला मला नारायणगावला कोण घेऊन गेलं? नाना! हायवे ओलांडताना त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. मी मुकाट्याने धरू दिला. समोरून येतंय ते एसटी की ट्रक, हे त्यांनाच दिसत होतं!