आईच्या मापाचं हृदय

डॉक्टरांनी आईचं हृदय टेबलावर ठेवलं. तिच्या स्कॅनवरून थ्री-डी प्रिंटरने घडवलेलं, रबरासारखं मऊ, तिच्या मुठीएवढं. उद्या तिच्या हृदयाची झडप बदलायची होती, म्हणून ते नव्या झडपेचं माप त्यात बसवून बघत होते. मापाची कडी आत सरकवताना हृदयाचा काठ टरकन फाटला.

"म्हणूनच आधी यात बघतो," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "एक माप लहान घेऊ."

आई चक्क हसली. "कासार नाही का बांगड्या भरताना हात दाबून बघत? एखादी पिचली, की दुसरं माप काढतो."

लहानपणी कासारासमोर मी डोळे मिटून घ्यायचो. पिचलेल्या काचेने तिच्या हातावर रक्ताचा थेंब यायचा, आणि ती तोच हात पुन्हा पुढे करायची.

नर्सने तिला रक्त तपासायला आत बोलावलं. "धर रे जरा," म्हणत आईने ते हृदय माझ्या हातात दिलं. फाटलेल्या काठावर अंगठा दाबून मी बसून राहिलो. हळूहळू ते कोमट लागायला लागलं. खाली ठेवलं तर गार पडेल, या भीतीने मला ते ठेवताच येईना.